पॉवरग्लाइड बसवायला घेतलास, तर ऐक

फार्गोसाठीचा पॉवरग्लाइड गिअरबॉक्स घरी आला म्हणालास. बरं झालं. आता चार दिवस त्याला पाना लावू नकोस. आधी त्या भंगारवाल्याकडे परत जा आणि शेवरोले इम्पालाच्या सांगाड्यावर जे जे सोडून आलास ते गोळा करून आण. कार्बोरेटरपासून गिअरबॉक्सपर्यंत येणारी कांडी आणि तिचे ब्रॅकेट, व्हॅक्यूमची बारीक लोखंडी नळी, ऑइल कूलरच्या दोन्ही नळ्या त्यांच्या नटांसकट, डिपस्टिक आणि तिची नळी, प्रोपेलर शाफ्टच्या टोकाचा सरकता योक, स्टार्टर, मागचा रबर माउंट, लिव्हरशी जोडलेला न्यूट्रलचा स्विच. रेडिएटर कितीही सडका असला तरी उचल, त्याच्या टाकीत गिअरबॉक्सचा कूलर असतो आणि निदान त्याचे आटे मापाला मिळतील. भंगारवाला गिअरबॉक्स वजनावर विकतो. या काड्याकुड्या त्याला कचरा वाटतात, म्हणून आज फुकट मिळतील. महिन्याभराने त्या भट्टीत गेलेल्या असतील आणि तुला एकेक वस्तू उल्हासनगरला लेथवर बसून करून घ्यावी लागेल.

ऑटोमॅटिक म्हटलं की आपल्याकडचे भलेभले मेकॅनिक हात वर करतात. आत काय गौडबंगाल आहे कोणास ठाऊक, असा सूर. माझा अनुभव उलटा आहे. एसटीच्या विठ्ठलवाडी आगारात माझी हयात क्लचप्लेटा बदलण्यात गेली. ऑटोमॅटिक शिकलो ते कुर्ल्याला, सुट्टीच्या दिवशी, जुन्या अमेरिकन गाड्या उघडणाऱ्या एका उस्तादाच्या हाताखाली. तिथे जळून आलेले जे गिअरबॉक्स पाहिले, त्यांतले बहुतेक बाहेरच्या कारणाने मेलेले होते. कुणी व्हॅक्यूमच्या नळीला बूच मारलेलं, कुणी कार्बोरेटर बदलताना कांडी काढून फेकलेली, कुणी गळणारा कूलर वगळून नळीला नळी जोडून दिलेली. गिअर कधी बदलायचा हे पॉवरग्लाइड स्वतः ठरवतो खरं, पण त्याला तीन गोष्टी कळाव्या लागतात: गाडी किती वेगात आहे, तुझा पाय किती दाबलेला आहे आणि इंजिनावर किती ताण आहे. वेग त्याला आतल्या गव्हर्नरवरून कळतो. उरलेल्या दोन गोष्टी त्याला बाहेरून कळवायच्या, म्हणजे तू कळवायच्या. त्यात चूक झाली की तो चुकीच्या दाबावर क्लच पकडतो, क्लच घसरतो आणि जळतो. मग लोक म्हणतात ऑटोमॅटिक बेभरवशाचं.

दोनच गिअर म्हणून तुझे मित्र नाक मुरडतात, मुरडू देत. शेवरोलेने पॉवरग्लाइड १९५० साली काढला, स्वस्त गाडीत मिळणारा तो पहिलाच ऑटोमॅटिक. पहिली तीन वर्षं तर डी मध्ये टाकलं की गाडी थेट वरच्या गिअरमध्येच सुटायची, सगळी ओढ कन्व्हर्टरची. खालचा गिअर आपोआप लागायला १९५३ उजाडलं. तू आणलास तो साठच्या दशकातला, ॲल्युमिनियमच्या खोक्याचा. तो १९७३ पर्यंत बनत होता आणि अमेरिकेत ड्रॅग रेसवाले आजही त्याच्यामागे धावतात, कारण आत मोडण्यासारखं फार काही नाही. शिवाय तुझं इंजिन त्याच इम्पालाचं, २३० क्युबिक इंचांचं, म्हणजे पावणेचार लिटरचं सहा सिलिंडरी. बोल्टाला बोल्ट जुळतो. इथे काही जण मॅटाडोरचं डिझेल इंजिन आणि भलत्याच गाडीचा ऑटोमॅटिक यांची मोट बांधायला जातात. प्लेट कापून जोड जमतोही, पण डिझेलच्या मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम नसतो. वेगळा पंप लावून व्हॅक्यूम दिला तर तो सतत एकसारखा भरपूर राहतो, आणि ताण नाहीच असं समजून गिअरबॉक्स चढावरही मऊ दाबावर चालतो. तू त्या वाटेला गेला नाहीस, हे शहाणपण.

आता तुझ्या चेसिसविषयी. फार्गोचा पिकअप म्हणजे क्रायस्लरच्या घरातला. आपल्याकडे कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात डॉज, प्लिमथ आणि फार्गो जुळवल्या जायच्या, तुझी चेसिस बहुधा तिथूनच निघालेली. या जुन्या गाड्यांची एक खोड आहे: हँडब्रेक मागच्या चाकांवर नसतो. गिअरबॉक्सच्या शेपटीला एक ड्रम असतो आणि तो प्रोपेलर शाफ्टलाच धरतो. म्हणजे जुना गिअरबॉक्स काढलास की हँडब्रेक त्याच्याबरोबर गेला. पी मध्ये टाकलं की गाडी उभी राहते या भरवशावर पोरं निवांत असतात. पी म्हणजे आत एका दातेरी चाकात अडकणारा लहानसा खिळा, तो हँडब्रेक नव्हे. मागच्या चाकांवर केबलने चालणारा हँडब्रेक आधी करून घे. मूळ ब्रेकही तपास. इम्पालाच्या इंजिनाची ताकद कंपनी १४० हॉर्सपॉवर सांगायची, फार्गोचे ब्रेक एवढ्या घोड्यांसाठी केलेले नाहीत. दोन गिअरचा ऑटोमॅटिक उतारावर इंजिनाचा रेटाही कमी देतो. मास्टर सिलिंडर पायाखाली चेसिसला आहे, सर्किट एकच. तेही बदलायचंच आहे, तर गिअरबॉक्स बसायच्या आधी बदल. नंतर हात जाणार नाही.

गिअरबॉक्स जमिनीवर आहे तोवरची कामं आणखी आहेत. पुढच्या पंपाचं ऑइल सील, शेपटीचं सील, लिव्हरच्या दांड्याचं सील, मॉड्युलेटरची ओ-रिंग, सगळं नवं घाल. इतकी वर्षं पडून राहिलेल्या गिअरबॉक्सचं रबर बोटाला मऊ लागलं तरी गरम झालं की गळतं. मग बँडचं ॲडजस्टमेंट. डाव्या बाजूला लॉकनट असलेला स्क्रू आहे. तो ७० इंच-पौंड, म्हणजे साधारण ८ न्यूटन-मीटरला आवळायचा आणि बरोबर चार आटे मागे घ्यायचा. बँड नवा असेल तर तीन. अदमासे नको, टॉर्क पाना माग कुणाकडून तरी. गाडीत बसल्यावर या स्क्रूशेजारूनच तुझा सायलेन्सरचा पाइप जाणार आहे, कारण या इंजिनाचा एक्झॉस्ट डाव्या अंगाला आहे. आणि कॉटन वेस्ट गिअरबॉक्सच्या आसपासही येऊ देऊ नकोस. आतले व्हॉल्व्ह इतक्या बारीक फटीत सरकतात की एक धागा पुरतो. पुसायचंच तर काकूकडून नायलॉनच्या जुन्या साडीचा तुकडा घे, नाहीतर हवेने फुंक.

कन्व्हर्टर बसवणं हे या सगळ्यातलं खरं काम, इथे वेळ घाल. गिअरबॉक्स तोंड वर करून उभा कर. कन्व्हर्टरमध्ये लिटरभर ऑइल ओत, त्याच्या नळीवर, सीलच्या ओठावर ऑइलचं बोट फिरव. मग तो अलगद खाली सोड आणि दोन्ही हातांनी गोल फिरवत राहा, दाबू नकोस. थोड्या वेळाने तो एक पायरी खाली जाईल. पोरं इथेच खूश होतात आणि उचलून गाडीला लावतात. थांब. आत तीन गोष्टी जुळायच्या असतात: स्टेटरचे दाते, इनपुट शाफ्टचे दाते आणि सगळ्यात शेवटी पंपाच्या खाचा. फिरवत राहा, किंचित डोलव, दुसऱ्यांदा उतरेल. पुन्हा फिरव. तिसऱ्यांदा जो उतरतो तो आवाजासकट, धातूवर धातू बसल्याचा जाड आवाज येतो आणि कन्व्हर्टर बेल हौसिंगच्या काठाच्या आत गेलेला दिसतो. काठावर सरळ पट्टी आडवी ठेवून माप घे आणि खडूने हौसिंगवरच लिहून ठेव. मग कन्व्हर्टर पुढे सरकू नये म्हणून एक लोखंडी पट्टी आडवी बोल्ट करून टाक.

इंजिनाशी जोडताना गिअरबॉक्स हाताच्या रेट्याने ब्लॉकला पूर्ण टेकला पाहिजे. अर्ध्या इंचाची फट राहिली आणि बोल्ट आवळून ओढून घेऊ असं मनात आलं, तर पाना खाली ठेव. फट राहिली याचा अर्थ कन्व्हर्टर तिसरी पायरी उतरलेला नाही. बोल्ट आवळलेस की पंपाची खाच फुटणार, आणि ते कळणार गाडी सुरू केल्यावर. ब्लॉकच्या मागे दोन डॉवेल पिन असतात, त्या जागेवर आहेत का पाहा. नसतील तर गिअरबॉक्स बोल्टांवर लोंबतो, रेषेत राहत नाही आणि दर सहा महिन्यांनी पुढचं सील मागतो. सगळं टेकलं की कन्व्हर्टर हाताने मोकळा फिरला पाहिजे, आणि फ्लेक्सप्लेटपर्यंत येण्यासाठी त्याला ३ ते ५ मिलिमीटर पुढे ओढावं लागलं पाहिजे. अंतर अजिबात नसेल तर तो पंपावर दाबला जातोय. जास्त असेल तर पुढे ओढल्यावर तो पंपाच्या खाचेत पुरेसा शिरलेला राहत नाही. हे माप बरोबर आलं की निम्मी लढाई जिंकलीस.

कांडी आणि नळी. कार्बोरेटरची कांडी अशी लाव की पाय पूर्ण दाबल्यावर बटरफ्लाय पूर्ण उघडतं त्याच क्षणी गिअरबॉक्सवरचा लिव्हरही शेवटपर्यंत गेलेला असेल. इंजिन बंद ठेवून एकाने आत बसून पाय दाबायचा, दुसऱ्याने खालून बघायचं. गिअरच्या दांड्याच्या लिंकेजची लांबी नेहमी गिअरबॉक्सच्या बाजूने ठरव. आधी गिअरबॉक्सचा लिव्हर त्याच्या खाचेत टक् करून बसू दे, मग गाडीतला दांडा त्या जागेशी जुळव. उलटं केलंस तर दांडा डी दाखवेल आणि आतला व्हॉल्व्ह अर्धवट उघडा राहील, अर्ध्या दाबावर क्लच घासत बसेल. तुझं स्टिअरिंग उजवीकडे आणि गिअरबॉक्सचा लिव्हर डाव्या अंगाला, म्हणून स्टिअरिंगवरचा दांडा सोड आणि जमिनीवरचा लाव. न्यूट्रल स्विच विसरलास तर एक दिवस डी मध्ये स्टार्टर मारशील आणि गाडी शेजाऱ्याच्या भिंतीत जाईल.

मॉड्युलेटर म्हणजे मागच्या बाजूला स्क्रूने बसलेली पत्र्याची डबी. तिला व्हॅक्यूम मॅनिफोल्डवरूनच दे, कार्बोरेटरच्या वरच्या तोंडावरून नको. डबी चांगली आहे की नाही हे ओळखायला काही मशीन लागत नाही. नळी उपस आणि डबीच्या तोंडात करंगळी घाल. कोरडी निघाली तर ठीक. लाल ओली निघाली तर आतला पडदा फाटलाय आणि इंजिन गिअरबॉक्सचं ऑइल पितंय. सायलेन्सरमधून पांढरा धूर, खाली एक थेंब गळत नाही आणि डिपस्टिक मात्र उतरत चाललेली, असं दिसलं की लोक इंजिनाच्या रिंगा बदलायला काढतात. आधी ही करंगळी.

उष्णतेबाबत तुला बजावून सांगतो, कारण तू इथेच काटकसर करणार. कन्व्हर्टरमध्ये ऑइल ऑइलला ढकलतं आणि त्यातून उष्णता निघते. मोकळ्या रस्त्यावर कमी, पत्री पुलावर किंवा शीळ रस्त्यावर गाडी इंच इंच सरकत असताना जास्त. हे ऑइल ८०-९० अंशांवर सुखात असतं, १२० च्या पुढे झपाट्याने करपतं. रेडिएटरमधल्या कूलरशिवाय पुढे एक वेगळा कूलर लाव, आणि त्याला वारं मिळालं पाहिजे, पंख्याच्या आड लपवू नकोस. नळी लोखंडी, टोकं दुहेरी फ्लेअर केलेली. तांब्याची नळी वाकवायला सोपी म्हणून कुणीही ती सुचवेल. कंपनाने तांबं कडक होतं आणि तडकतं. जिथे रबर लागेल तिथे ऑइलसाठीचाच होज. जुन्या काळी यात टाइप ए ऑइल असायचं, आता डेक्स्रॉन थ्री जातीचं चालतं. फोर्डच्या जुन्या गिअरबॉक्सांचं टाइप एफ वेगळ्या पकडीचं असतं, ते यात नको.

हिशेब प्रोपेलर शाफ्टचाही करायचा आहे. आधी डिफरन्शिअलचं गुणोत्तर मोज: मागची दोन्ही चाकं उचल, शाफ्टवर खडूची रेघ मार, दोन्ही चाकं एकदमच एक फेरा फिरव आणि शाफ्ट किती वेळा फिरला ते मोज. समजा ४.१ आलं आणि टायर २९ इंचांचा आहे. ताशी ८० किलोमीटरला चाक मिनिटाला सुमारे ५७६ वेळा फिरतं, म्हणजे इंजिन २३६० च्या आसपास. वरचा गिअर सरळ एकास एक आहे, ओव्हरड्राइव्ह नाही, कन्व्हर्टर घसरतो त्यामुळे आकडा आणखी थोडा वर. सहा सिलिंडरी इंजिनाला हे झेपतं. गुणोत्तर पाचाच्या पुढे आलं तर मात्र डिफरन्शिअल बदल, नाहीतर हायवेला कान किटतील. शाफ्ट कापून लहान करताना सरकता योक आत पूर्ण टेकल्यावर मागे २० ते २५ मिलिमीटर जागा राहिली पाहिजे. गिअरबॉक्सची शेपटी जितके अंश खाली झुकते तितकेच अंश डिफरन्शिअलचं नाक वर हवं, एखाद्या अंशाचा फरक चालेल. वेल्डिंगनंतर बॅलन्सिंग करून घे. लेथवाला म्हणेल गरज नाही. गरज आहे.

वालधुनी नदीच्या पुराचं तुला मी काय सांगू. २६ जुलै २००५ ला नाला आणि नदी एक झाली तेव्हा तू शाळेत होतास. ऑटोमॅटिकमध्ये पाणी शिरायला पूर लागत नाही, वरच्या श्वासाच्या छिद्रापर्यंत किंवा डिपस्टिकच्या तोंडापर्यंत पाणी आलं की पुरे. ऑइल लाल होतं ते दुधाळ गुलाबी झालं तर समज पाणी गेलंय. क्लचच्या पट्ट्या कागदी जातीच्या असतात, त्या पाणी पितात आणि चिकटवलेला थर सुटतो. नुसतं ऑइल बदलून भागत नाही, सगळं उघडावं लागतं. म्हणून श्वासाच्या छिद्राला रबरी नळी लावून ती पुढच्या भिंतीवर उंच चढव, टोक खाली वळवून ठेव. खर्च शून्य. रेडिएटरमधला कूलर आतून फुटला तरी असंच गुलाबी दिसतं, तेव्हा पाऊस नसतानाही बघत जा.

गाडी कधी बंद पडली तर ढकलून सुरू होणार नाही. जुन्या लोखंडी पॉवरग्लाइडला मागच्या बाजूला दुसरा पंप असायचा, म्हणून धक्का मारून तो चालू व्हायचा. पुढे ॲल्युमिनियमवाल्याचा तो पंप काढून टाकण्यात आला. तुझ्या गिअरबॉक्सला तो आहे असं धरून चालू नकोस. ओढून न्यायची वेळ आली तर प्रोपेलर शाफ्ट सोडून मग दोर बांध, नाहीतर आतले बुश कोरडे घासतील.

कागदपत्रांवरून तू माझ्याशी वाद घालशील, म्हणून थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे आरसी बुकातल्या नोंदीशी न जुळणारा बदल मालकाला करता येत नाही, इंजिन बदलायलाही परवानगी लागते, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते कडक शब्दांत सांगून ठेवलंय. २०२१ पासून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना व्हीए अक्षरांची वेगळी नंबर प्लेट मिळते, वीस हजार रुपये भरून. पण ती मूळ रूपात राखलेल्या गाडीलाच. फार्गोच्या चेसिसवर इम्पालाचं इंजिन म्हणजे ती वाट तुला बंद. कल्याणच्या आरटीओत एमएच-०५ च्या खिडकीवर काम सुरू करण्यापूर्वी विचार, झाल्यावर नको. तोवर ती खाजगी जागेतच फिरव.

पहिल्यांदा सुरू करशील तेव्हा मागची चाकं घोड्यांवर, पुढच्या चाकांना लाकडी ठोकळे. चारेक लिटर ऑइल आधी घाल, न्यूट्रलमध्ये स्टार्ट कर आणि लगेच उरलेलं ओतत राहा, कारण कन्व्हर्टर आणि कूलर ते गिळत जातात. मग ब्रेक दाबून एकेका जागी दांडा फिरव. डिपस्टिक वाचायची ती ऑइल गरम असताना, इंजिन सुरू असताना, सपाट जमिनीवर, न्यूट्रलमध्ये. जास्त भरू नकोस, आतले गिअर ते घुसळून फेस करतात आणि फेसाला दाब नसतो. जमिनीवर उतरल्यावर बघ: हलक्या पायाने गिअर लवकर बदलला पाहिजे, पाय दाबलास तर उशिरा. दोन्ही वेळा एकाच वेगाला बदलत असेल तर कांडी पुन्हा तपास. ब्रेक दाबून धरून एक्सिलेटर देण्याचा खेळ मित्रांसमोर करू नकोस, पाच सेकंदांच्या वर गेलास की ऑइल उकळायला लागतं.

पाचशे किलोमीटर झाले की पॅन उतरव. आधी एका बाजूचे बोल्ट ढिले करून तो तिरका होऊ दे, नाहीतर ऑइल अंगावर येईल. तळाला करड्या रंगाचा बारीक लेप असणारच. पितळी चमक दिसली तर बुश खातंय, काळे तुकडे आणि करपट वास आला तर क्लच. या दोन्हींपैकी काही असेल तर काही न उघडता मला हाक मार. नसेल तर नवं पॅकिंग घालून बंद कर, आणि पॅकिंगवर सिलिकॉन थापू नकोस, जास्तीचं आत सुटतं आणि जाळीत जाऊन बसतं.